मधाच्या पेटीतला कवटी पतंग आणि तिळावरची शिंगवाली अळी: पंप पाठीला लावण्याआधी



पावसाळा सुरू झाला की माझ्या मोबाईलवर दोन प्रकारचे फोटो येऊ लागतात. पहिला फोटो अळीचा. बोटभर जाड, हिरवीगार, अंगावर तिरके पट्टे आणि शेपटीकडे वाकडे शिंग. सोबत प्रश्न ठरलेला: "सर, ही विषारी आहे का? कोणतं औषध मारू?" दुसरा फोटो भुदरगड, राधानगरी, आजरा या भागातल्या मधपाळांकडून येतो. मधपेटीच्या तळपाटावर मरून पडलेला, जवळपास तळहाताएवढा पतंग, आणि त्याच्या पाठीवर माणसाच्या कवटीसारखी खूण. इथे प्रश्नाचा सूर वेगळा असतो. "सर, हे काय आहे? घरची माणसं म्हणतात पेटी अंगणातून हलवा."

हे दोन्ही फोटो एकाच किडीचे असतात. शिंगवाली अळी ही तिची लेकुरावस्था आणि कवटीवाला पतंग ही प्रौढावस्था. एक तिळाची, वांग्याची पाने खाते, दुसरा मधावर डल्ला मारतो. म्हणून दोन्ही बाजूंनी औषधाची मागणी होते. या किडीवर रासायनिक फवारणी करणे हा आपल्या जिल्ह्यापुरता तरी तोट्याचा सौदा आहे, असे माझे मत आहे. ते का, हे आज मांडतो.

हा विषय आत्ताच का घेतला, त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण भीती. सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रभर 'घोणस अळी'ची घबराट पसरली होती, ती तुम्हाला आठवत असेल. अळी चावली की माणूस पाच मिनिटांत मरतो, असे संदेश फिरत होते आणि सोबत शेतात पडलेल्या मृतदेहांचे फोटो होते. ते फोटो प्रत्यक्षात जळगाव जिल्ह्यात वीज पडून मृत्यू झालेल्या शेतकऱ्यांचे निघाले. खुलासे झाले, कृषी विभागाने पत्रके काढली. पण मनात बसलेली भीती पत्रकाने जात नाही. तेव्हापासून कोणतीही मोठी, वेगळी दिसणारी अळी दिसली की लोक आधी फवारतात आणि मग विचारतात.

दुसरे कारण मध. भुदरगड तालुक्यातले पाटगाव 'मधाचे गाव' म्हणून पुढे आले. साताऱ्यातल्या मांघरनंतरचे हे नाव. २०२३ मध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या उत्कृष्ट पर्यटन गाव स्पर्धेत पाटगावला कांस्य श्रेणीचा मान मिळाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये 'मधाचे गाव' योजना राज्यभर राबवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. म्हणजे एकीकडे सरकार गावोगावी मधपेट्या देत आहे आणि दुसरीकडे एखाद्या अळीच्या भीतीने त्याच गावात फुलोऱ्यातल्या पिकावर पंप चालतोय. दोन्ही एकत्र चालणार नाही.

घोणस अळी वेगळी, ही वेगळी

आधी हा घोळ मिटवू. घोणस अळी म्हणजे स्लग कॅटरपिलर. ती बुटकी, चपटी, गोगलगाईसारखी सरकणारी असते आणि अंगभर काटेरी झुपके असतात. त्या काट्यांत दाहक द्रव्य असते. ते त्वचेत गेले की आग होते, पुरळ उठते, सूज येते. चिकटपट्टी लावून काटे उपसून काढावेत, जागा साबणाने धुवावी, बर्फ लावावा. ॲलर्जीचा त्रास असलेल्यांनी, किंवा श्वास लागला, चेहरा सुजला तर कोणीही थेट दवाखाना गाठावा. तिची भीती बाळगण्याइतपत कारण आहे, मरणाची अफवा पसरवण्याइतपत नाही.

आपल्या शिंगवाल्या अळीच्या अंगावर एकही दाहक केस नाही. अंग गुळगुळीत, आणि मागचे शिंग टोचत नाही. बोट लावून पाहा, खरखरीत लागते, पण त्यात ना डंख ना विष. चिडवली तर जबड्याने टकटक आवाज काढते, पुढचा भाग उचलून डोके आत ओढून बसते, आणि फारच छळले तर चावायचा प्रयत्न करते. चावली तरी चिमटा बसल्यासारखे वाटते, एवढेच. अळी पिवळी किंवा तपकिरीही असते, त्यामुळे रंगावरून घाबरू नका. शेपटीचे शिंग आणि गुळगुळीत अंग या दोन खुणा पुरेशा आहेत.

किडीची ओळख

शास्त्रीय नाव ॲकेरॉन्शिया स्टिक्स. स्फिंजिडी म्हणजे हॉक मॉथ कुळातली ही कीड. जोरात आणि लांबवर उडणाऱ्या पतंगांचे हे कुळ आहे. स्टिक्स ही ग्रीक पुराणातली मृतांच्या लोकाची नदी, आपल्या वैतरणीसारखी. याच गटातल्या दुसऱ्या जातीचे नाव लॅकेसिस. प्रत्येकाच्या आयुष्याचा धागा किती लांब हे ठरवणारी ही देवी, म्हणजे जवळपास आपली सटवाईच. पाठीवरच्या खुणेने गोऱ्या शास्त्रज्ञांनाही घाबरवले होते, एवढेच यावरून समजायचे. ती खूण म्हणजे पिवळसर आणि काळ्या केसांची नक्षी आहे. तिच्यात शकुन-अपशकुन काही नाही.

मादी पानाच्या खालच्या बाजूला एकेक सुटे अंडे घालते. अंडी पुंजक्याने घालत नसल्यामुळे ही कीड लष्करी अळीसारखी थव्याने सहसा येत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. अळी दोन-तीन आठवड्यांत चार-पाच इंचांपर्यंत वाढते आणि आयुष्यातले बहुतेक खाणे शेवटच्या काही दिवसांत उरकते. म्हणूनच शेतकरी म्हणतो, "काल झाड चांगलं होतं, आज नुसत्या काड्या." अळी काल रात्री आलेली नसते. ती पंधरा दिवस तिथेच होती, पानाखाली पानाच्याच रंगाची होऊन. तिला शोधायचे तर पानांकडे नको, जमिनीकडे बघा. झाडाखाली मिरीपेक्षा मोठ्या, खाचा असलेल्या काळपट लेंड्या पडलेल्या दिसतील. जिथे लेंड्या, तिथे वर अळी.

पूर्ण वाढल्यावर तिचा रंग काळवंडतो, ती झाडावरून उतरते आणि मऊ जमीन शोधत भटकते. रस्ता ओलांडणाऱ्या, अंगणात आलेल्या अळीचे फोटो येतात ते याच दिवसांत. तेव्हा तिचे खाणे संपलेले असते आणि पिकाला तिच्यापासून काही धोका उरलेला नसतो. जमिनीत वीतभर किंवा त्याहून खोल जाऊन ती कोषात जाते. नांगरटीत बोटाएवढा, तकतकीत, लालसर तपकिरी कोष वर येतो, तो बहुधा हॉक मॉथचा.

तीळ हे तिचे आवडते पीक. वांगी, बटाटा, वाल, जाई-मोगरा यांवरही ती येते. साग आणि घाणेरीवरही ती वाढते, आणि या दोन्ही वनस्पती पश्चिम घाटाच्या पायथ्याच्या प्रत्येक गावात आहेत. म्हणजे शेतातल्या सगळ्या अळ्या मारल्या तरी बांधापलीकडून पतंग येणारच. गावातून ही कीड संपवू म्हणणाऱ्याने आधी घाणेरी मोजावी.

रताळ्यावर येणारी शिंगवाली अळी मात्र याच कुळातली दुसरी जात आहे, ॲग्रियस कॉन्व्हॉल्व्हुली. चंदगड आणि बेळगावकडच्या रताळे उत्पादकांनी ओळखीत गल्लत करू नये. हाताने वेचण्याचा उपाय मात्र दोन्हींना लागू आहे.

पतंग पेटीत का जातो?

हॉक मॉथ कुळातले बरेचसे पतंग फुलापुढे हवेत तरंगत लांब सोंडेने मध पितात. रात्री उमलणाऱ्या फुलांचे परागीभवन तेच करतात. नर-मादी वेगळी झाडे असलेल्या देशी पपईत हे काम मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडेच असते, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. कवटी पतंगाची सोंड मात्र आखूड, जाड आणि टोकदार आहे. खोल फुलात ती पोहोचत नाही, पण मेणाचे झाकण फोडून मधाच्या घरात बरोबर शिरते. अंधार पडला की तो पोळ्यावर उतरतो. आपल्याकडे सातेरी मधमाशीची पोळी ही त्याची नेहमीची जागा.

हजारो माश्यांच्या घरात एकटा चोर शिरतो आणि बहुतेक वेळा जिवंत बाहेर येतो, ते कसे? युरोपातल्या त्याच्या भाऊबंदांवर, म्हणजे ॲकेरॉन्शिया ॲट्रोपॉसवर, याचा अभ्यास झाला आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की पतंगाच्या अंगावरची चार मेदाम्ले मधमाशीच्या अंगावरच्यांशी जुळतात. पेटीच्या अंधारात माशी डोळ्यांवर नाही, वासावर ओळख पटवते. वास घरचा, म्हणून पाहुणा घरचा. शिवाय हा पतंग आवाज काढतो, उंदराच्या पिल्लासारखी चिरचिर. घशाची पोकळी भात्यासारखी फुगवून आणि दाबून तो हवा आत-बाहेर करतो, त्यातून हा आवाज येतो. हातात धरला की चिरचिरतो, म्हणून लोक दचकून टाकून देतात. आवाज माश्यांना राणीसारखा वाटतो असे जुने मधपाळ सांगत आले आहेत. मला स्वतःला वासाचा पुरावा आवाजापेक्षा भक्कम वाटतो.

त्याच्या उडण्याच्या ताकदीबद्दलही सांगायला हवे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जर्मनीतल्या संशोधकांनी ॲट्रोपॉस पतंगांच्या पाठीवर चिमुकले रेडिओ ट्रान्समीटर बसवले आणि छोट्या विमानातून रात्री त्यांचा माग काढला. आल्प्स पर्वताच्या दिशेने पतंग सरळ रेषेत उडत राहिले, आणि एकाचा माग तर नव्वद किलोमीटरच्या आसपास लागला. वारा उलटा असला तरी त्यांनी दिशा सोडली नाही. एवढा लांब उडणाऱ्याला इंधन लागते, आणि मधाएवढे दाट इंधन दुसरे नाही.

आता नुकसानीचा हिशोब. एक पतंग एका फेरीत पोटात मावेल तेवढा मध पितो, चमचाभराच्या आसपास. भरल्या पेटीला ते जाणवतही नाही. त्रास होतो तो कमजोर वसाहतीला. सह्याद्रीच्या मुसळधार पावसात फुलोरा नसतो, माश्या बाहेर पडत नाहीत, साठा संपत येतो. अशा वेळी मोठा किडा पोळ्यावर चढला की माश्या अस्वस्थ होतात, कधी पोळ्याचा नवा भाग तुटतो. आणि सातेरीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. वारंवार त्रास झाला की ती घर सोडून उडून जाते.

तरीही मधपाळांना माझे सांगणे आहे की कवटी पतंगाला घाबरून खऱ्या शत्रूकडे दुर्लक्ष करू नका. तो शत्रू म्हणजे मेणपतंग. करड्या रंगाचा, नखाएवढा, पाहताना क्षुल्लक. पण त्याची अळी पोळ्यात जाळ्यांची भुयारे करते आणि महिन्याभरात पेटी रिकामी होते. मला कवटी पतंगाचे फोटो दहा आले तर मेणपतंगाचा एखादा येतो, कारण मेणपतंग फोटोत भारी दिसत नाही!

माझी चूक

नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट आहे. गावाचे नाव सांगत नाही. अर्ध्या एकरातल्या तिळात शिंगवाल्या अळ्या आल्या म्हणून शेतकऱ्याने मला शेतावर नेले. तीळ ऐन फुलोऱ्यात होता. पुस्तकात किडीपुढे औषधाचे नाव होते, क्विनॉलफॉस, ते मी लिहून दिले. फवारणीची वेळ लिहून दिली नाही. त्याने सकाळी नऊला पंप मारला.

तिळाचे फूल पहाटे उमलते आणि संध्याकाळपर्यंत गळते. मधमाश्यांची गर्दी सकाळीच असते. शेजारच्या वाडीत एका वयस्कर मधपाळाच्या तीन सातेरी पेट्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतले. पेट्यांच्या दारापुढे मेलेल्या माश्यांचा ढीग होता, काही अजून जागच्या जागी गोल फिरत होत्या. ते रागावले नाहीत. एवढेच विचारले, "साहेब, अळ्या किती होत्या?"

मी मोजल्या होत्या, अकरा.

अकरा अळ्या दोन माणसांनी अर्ध्या तासात वेचल्या असत्या. त्या तीन पेट्यांपैकी दोन गेल्या, तिसरी त्या हंगामात सावरलीच नाही. शेतकऱ्याचेही भले झाले असे नाही, कारण फुलोऱ्यात माश्या गेल्या की तिळाची बोंडे भरायला मदत करणारेही गेले. तीळ स्वतःच्या परागावर बराचसा भरतो हे खरे, पण माश्या असतील तर भर पडते.

मग करायचे काय?

तिळात पहिले काम फेरीचे. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्याला एकदा लेंड्या बघत ओळींतून चाला. अळी दिसली की देठासकट उचला. तिची पकड घट्ट असते, ओढली तर पान फाटते. हात लावायची किळस येत असेल तर पिशवी हातात घाला. वेचलेल्या अळ्या कोंबड्यांपुढे टाका, किंवा बांधावर ठेवा. साळुंक्या, बगळे आणि भारद्वाज बाकीचे बघून घेतात. शेतात पक्ष्यांना बसायला टी आकाराचे मचाण उभे केले तर त्यांचे काम सोपे होते. अंडी सुटी आणि विखुरलेली असतात म्हणून वेचणी इथे खरोखर पुरेशी ठरते. लष्करी अळीत मी असा सल्ला देणार नाही.

एखाद्या अळीच्या अंगावर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे कोष चिकटलेले दिसले तर ती अळी मारू नका, तिथेच राहू द्या. परजीवी गांधीलमाशीने तिला आधीच संपवलेले आहे आणि त्या कोषांतून निघणाऱ्या गांधीलमाश्या पुढच्या अळ्या शोधणार आहेत. पीक निघाल्यावर खोल नांगरट केली की जमिनीतले कोष वर येतात, उन्हाने आणि पक्ष्यांनी मरतात.

कधीतरी रोपावस्थेतच अळ्या जास्त झाल्या आणि वेचणीला माणूस नाही, असे होऊ शकते. तेव्हा निंबोळी अर्क किंवा बॅसिलस थुरिंजिएन्सिसयुक्त जैविक कीटकनाशक, अळ्या लहान असताना, सूर्य मावळताना वापरा. चार इंचांच्या अळीवर ते फारसे चालत नाही. रासायनिक औषधाचा विचार करण्याआधी डब्यावरची माहिती वाचा. तुमचे पीक आणि ही कीड त्यावर नसेल तर ते औषध तुमच्यासाठी नाही. आणि फुलोऱ्यात तर नाहीच. क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस, लॅम्डा सायहॅलोथ्रिन ही मधमाश्यांना अतिशय घातक आहेत. थायमेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे झाडात भिनून मकरंदापर्यंत पोहोचतात, त्यामुळे संध्याकाळी मारले म्हणून धोका टळला असे होत नाही.

सातेरी माशी साधारण एक-दीड किलोमीटरच्या परिसरात चारा गोळा करते. म्हणजे तुमच्या शेतात पेटी नसली तरी वाडीतल्या कोणाच्या तरी पेटीतल्या माश्या तुमच्या बांधावर असतात. आता ड्रोनने फवारणी वाढते आहे. उसावर मारलेले औषध वाऱ्याने बाजूच्या कारळ्यावर, भाजीपाल्यावर जाते. निदान आदल्या दिवशी गावाच्या ग्रुपवर एक ओळ टाका, "उद्या अमक्या शिवारात फवारणी आहे." मधपाळ रात्रीच पेटीचे दार जाळीने बंद करू शकतो.

कृषी सहायक मित्रांना एक विनंती. अळीचा फोटो आला की औषधाचे नाव पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा: अळ्या मोजून किती, पीक फुलोऱ्यात आहे का, आणि जवळ मधपेट्या कोणाच्या आहेत. मला हे तीन प्रश्न त्या मधपाळांनी शिकवले, पदवीच्या चार वर्षांत कोणी विचारले नव्हते.

मधपाळांसाठी उपाय सोपा आणि बिनखर्ची आहे. पतंगाचे धड जाड असते, माशीचे बारीक. प्रवेशद्वाराची उंची आडवी शिसपेन्सिल जेमतेम सरकेल एवढी ठेवा, रुंदी कमी करू नका म्हणजे हवा खेळती राहील. माश्या, नर आणि राणीही आरामात ये-जा करतात, पतंग बाहेर राहतो. दार मोठे असेल तर लाकडाची पट्टी चुकांनी ठोका. पेटीच्या जोडातल्या फटी शेणमातीने लिंपा. पावसाळ्यात साखरेचा पाक देताना तो पेटीबाहेर सांडू देऊ नका, आणि संध्याकाळी उशिरा पेटी उघडी ठेवू नका. सातेरी माशी मेलिफेरासारखी राळ गोळा करत नाही. मेलिफेराच्या माश्या मेलेल्या पतंगाला राळेने लिंपून टाकतात, सातेरीच्या पेटीत तो तळपाटावर तसाच कुजतो. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा तळपाट झाडा. त्याच वेळी कोपऱ्यात जाळी आणि मेणाचा भुसा दिसतो का तेही बघा. दिसला तर त्याचा फोटो मला आधी पाठवा, कवटीचा नंतर.